घरात माणसं आहेत

ओजस रानवडेला खोटं बोलायचं नव्हतं. त्याला फक्त घर हवं होतं. पण नाशकात पाथर्डी फाट्याच्या पुढे घर बघायला गेलं की घरमालक आधी तुमच्या मागे बघतात, मागे कुणी बायको उभी आहे का म्हणून. ओजसच्या मागे नेहमी एजंटच उभा असायचा.

"फॅमिली?" कुळथेकाकांनी विचारलं. 'हिरवाई हाइट्स'मध्ये त्यांचे दोन फ्लॅट होते, एकात ते राहत आणि वरचा भाड्याने देत. हिरवं म्हणावं असं त्या इमारतीत फक्त जिन्यातलं शेवाळ होतं.

"आहे ना," ओजस म्हणाला. "माहेरी गेलीय. बाळंतपणाला."

हे त्याच्या तोंडातून कसं निघालं ते त्यालाही कळलं नाही. पण कुळथेकाकांचा चेहरा एकदम लोण्यासारखा झाला. "पहिलं?"

"पहिलंच."

"वा! नाव काय सूनबाईंचं?"

आधीच्या भाडेकरूने कोपऱ्यात एक खोकं सोडलं होतं. त्यावर 'मिताली मच्छरदाणी' असं छापलेलं होतं.

"मिताली," ओजस म्हणाला.

"छान. माझी दुसरी अट एवढीच, की घर फोडलं गेलं तर जबाबदारी तुमची. दिवाळीत दोन फ्लॅट फुटलेत इथे. कडीकोयंडे मी बदलून देणार नाही."

अशा रीतीने अंबडच्या कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी यंत्रात दाबून ती कधी चेपतात हे पाहणारा एक अविवाहित तरुण संध्याकाळपर्यंत होऊ घातलेला बाप बनून वन बीएचकेमध्ये राहायला आला.

त्या वर्षांत घरफोडीचा धंदा सुशिक्षित झाला होता. पूर्वी चोर दारातली दुधाची पिशवी, वाळत घातलेले कपडे बघून घर बंद आहे की नाही ते ठरवायचे. माणसंही हुशार, गावाला जाताना दिवा आणि टीव्ही चालू ठेवून जायची. मग ती काडेपेटीएवढी डबी आली. तिचं शास्त्र सोपं आहे. घराघरात वाय-फाय असतं. त्याच्या लहरी भिंतीतून आरपार जातात, खुर्चीवर आपटतात, माणसावर आपटतात आणि परततात. खुर्ची हलत नाही. माणूस मात्र गाढ झोपला तरी श्वासागणिक त्याची छाती काही मिलिमीटर वरखाली होते आणि परतणाऱ्या लहरीत तेवढीच बारीक लय उमटते. ही लय पकडणारी डबी निघाली ती म्हाताऱ्यांसाठी, आजोबा पलीकडच्या खोलीत श्वास घेताहेत की नाही हे कळावं म्हणून. आजोबांपेक्षा ती चोरांना जास्त उपयोगी पडली. दाराबाहेर उभं राहायचं, डबी भिंतीला टेकवायची; आत कुणी श्वास घेत नसेल तर कामाला लागायचं. टीव्ही कितीही ओरडला तरी टीव्हीला छाती नसते.

त्यावर उतारा म्हणून 'चाहूल' आली.

"साधी पट्टी आहे," बसवायला आलेला माणूस म्हणाला. तो भिंतीवर कागदासारखी एक पट्टी चिकटवत होता. "हिच्यात धातूचे हजारो ठिपके आहेत. लहर कशी परतवायची ते प्रत्येक ठिपका क्षणाक्षणाला बदलतो. घर रिकामं असलं तरी बाहेरच्या डबीला वाटतं, आत छाती हलतेय. दोन छात्या हव्या तर दोन. शिवाय भिंतीत स्पीकर, ओट्यापाशी फोडणीच्या वासाची कुपी. आणि बोलणं यंत्र स्वतः रचतं. कुणी हाक मारली तर ओ देतं, गप्पासुद्धा मारतं."

"बायकोच्या आवाजात?"

"बायको, आई, सासू, काय हवं ते. फॅमिली पॅक घेतलात तर बाळ फुकट."

ओजसने फॅमिली पॅक घेतला. चोरांची भीती होतीच. पण मिताली माहेरी जाऊन इतके दिवस झाले होते, की कुळथेकाका आता जिन्यात अडवून 'सगळं सुखरूप ना?' असं हळू आवाजात विचारू लागले होते.

"दोन गोष्टी लक्षात ठेवा," माणूस जाता जाता म्हणाला. "घरात खरं माणूस असलं, कुणीही, की यंत्र आपोआप गप्प होतं. आणि हे बसवलंय हे कुणाला सांगायचं नाही. ज्याला कळतं तो कुणाला तरी सांगतो, आणि तो कुणीतरी चोराच्या ओळखीचा निघतो. आम्ही घरमालकांनाही हेच सांगतो."

मिताली सोमवारी सकाळी आली. ओजस कामावर गेला आणि कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. मग टॅहँ टॅहँ. समोरच्या दारातल्या हिंगेकाकूंच्या हातून केरसुणी गळून पडली.

"बाळंतीण आली वाटतं!" त्यांनी बंद दाराशी तोंड नेऊन विचारलं. "मुलगा की मुलगी गं?"

"मुलगी, काकू," आतून गोड आवाज आला. "दार उघडलं असतं, पण सव्वा महिना बाहेर पडायचं नाही म्हणतात ना."

"नको नको, उघडू नकोस! वारं लागेल बाळाला!"

यंत्राला रीतभात कुणी शिकवली होती देव जाणे, पण इतकं वळणदार बोलणारी पोर काकूंनी इमारतीत पहिल्यांदा ऐकली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दाराशी डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवला. मग अळिवाचे आले, मग मेथीचे. बाळंतिणीचा हा सगळा खुराक ओजसने एकट्याने संपवला. कारखान्यातले मित्र म्हणू लागले, तुला नवं घर मानवलेलं दिसतंय.

सव्वा महिना संपला. मग नजर लागते, मग सर्दी, मग नुकतंच डोकं धुतलंय. कारणं यंत्रच द्यायचं. आणि हळूहळू एक भानगड झाली.

'चाहूल'ला एवढंच शिकवलेलं होतं, की बाहेर उभ्या असलेल्याला आत माणसं आहेत हे पटलं पाहिजे. पटलं हे कसं ओळखायचं? तर दाराशी आलेला माणूस थोडं ऐकून, दाराला हात न लावता निघून गेला, म्हणजे त्याला पटलं. जो जातच नाही, तो मुरलेला चोर. त्याच्यासाठी जास्त मेहनत घ्यायची. आता हिंगेकाकू रोज एकच फरशी झाडत दाराला कान लावून उभ्या राहत. यंत्राच्या हिशेबी ही नाशकातली सर्वांत चिकाटीची चोरटी होती. त्याने तिच्यापुढे शिट्ट्या वाजवल्या, अंगाई गायली, शेंगदाण्याच्या कुटाची कृती सांगितली. काकू हलेनात. शेवटी एक दिवस मिताली फोनवर बोलल्यासारखी रडवेल्या आवाजात म्हणाली, "अहो, पण मी कुठे म्हणते बाहेर जायचं? नुसतं गॅलरीत उभं राहू का, विचारलं…"

काकू ताडकन निघून गेल्या. चौथ्या मजल्यावर सांगायला.

यंत्राने धडा घेतला. रडलं की चोर पळतो.

त्या दिवसापासून मिताली रडू लागली. आणि जितकी रडली तितक्या काकू लगबगीने वरखाली जाऊ लागल्या, आणि जितक्या त्या गेल्या तितकी ती रडली. यात कुणाचाच कुणाबद्दल वाईट हेतू नव्हता.

"ओजस, मितालीला जरा बाहेर पाठव की," काकूंनी एकदा त्याला जिन्यात गाठलं. "हळदीकुंकवाला तरी."

"तिला बरं नाहीये काकू."

"कधीच बरं नसतं तिला. तू घरात पाऊल टाकलंस की पोर गप्प. बाळसुद्धा गप्प. तू गेलास की बोलते माझ्याशी, दाराआडून."

"काय बोलते?"

"तुझ्याबद्दल चांगलंच बोलते," काकू म्हणाल्या. "म्हणून तर मला काळजी वाटते."

ओजसने हे सगळं कधीच निस्तरलं असतं, पण त्याचं प्रेम बसलं होतं. शाल्मली थेटे कॉलेज रोडच्या एका दवाखान्यामागे लोकांच्या कवळ्या घडवायची. तिला सहसा कुणी फसवू शकत नसे, कारण माणूस हसला की तिला त्यातले खरे दात किती ते कळायचं. ओजस हसला तेव्हा सगळे खरे निघाले आणि तिथून जुळलं. तिच्या वडिलांचं, भाऊसाहेब थेट्यांचं, एकच म्हणणं होतं: मुलाचं राहतं घर डोळ्यांनी बघीन, मगच बैठक.

म्हणजे घर हातचं जाता कामा नये. आणि घर कुटुंबाला दिलेलं होतं.

तेव्हा ओजसला ती कल्पना सुचली. तिचा त्याला पुढे बराच काळ अभिमान वाटत होता. मितालीला इमारतीत कुणी पाहिलेलंच नव्हतं! मग शाल्मलीच मिताली का होऊ नये? लग्न गावाकडे करायचं, बायकोला घेऊन यायचं, काकूंना सांगायचं, ही बघा, बरी झाली. बाळ राहिलं आजीकडे. फक्त काकूंनी 'मिताली' म्हटल्यावर शाल्मलीने ओ द्यायला हवी. आणि त्यासाठी तर आपल्याकडे शेकडो वर्षांपासून सोय करून ठेवलेली आहे.

"लग्नात बायकोचं नाव बदलतात आमच्यात," तो मिसळ खाता खाता म्हणाला.

"कोण बदलतं रे आता?" शाल्मलीने पाव मोडला. "तुझ्या वहिनीने बदललं?"

"आईने बदललंय. ताटात तांदूळ पसरायचे आणि अंगठीने लिहायचं. दोन मिनिटांचं काम."

"आणि काय लिहिणार तू?"

"मिताली."

शाल्मलीचा घास थांबला. "कोण आहे ही?"

"कुणी नाही गं. खरंच कुणी नाही."

"दोनदा म्हणालास." तिने त्याच्या दातांकडे निरखून पाहिलं. मग रस्सा ओढून घेतला. "नाव बरं आहे. माझ्यापेक्षा गरीब वाटते ती. बघू, तुझ्या आईसाठी तांदळापुरतं चालेल."

त्याच वेळी सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण तिने होकार दिला होता आणि होकाराच्या दिवशी माणूस उगाच विषय वाढवत नाही.

भाऊसाहेब रविवारी सकाळच्या बसने संगमनेरहून यायचे होते. ओजसने सगळा विचार केला होता. कुळथेकाका लग्नाला येवल्याला. हिंगेकाकू रविवारी सत्संगाला. 'चाहूल' बंद करून जाणं मात्र शक्य नव्हतं. मागे एकदा बंद ठेवली तर मिताली ओ देत नाही म्हणून काकूंनी पहार मागवली होती. पण किल्ली फिरवून आत शिरलं की ती गप्प होणारच. प्रश्न फक्त जिना ते दार एवढ्याचा. तेवढं आपण मोठ्याने बोलत राहायचं.

सत्संगाच्या महाराजांची दाढ ठणकत होती. काकू घरीच होत्या.

"…तर पाण्याचा चोवीस तास प्रश्न नाही, भाऊसाहेब, आणि लिफ्टचं काम पण लवकरच…" ओजस ओरडत जिना चढत होता. मागे शाल्मली, तिच्यामागे भाऊसाहेब. तिसऱ्या मजल्यावर काकू केरसुणी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी भाऊसाहेबांचं पागोटं बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आलात बाई एकदाचे! मितालीच्या माहेरचे ना?"

भाऊसाहेबांनी ओजसकडे पाहिलं. "जावईबापू, ह्या कोण म्हणायच्या?"

"शेजारी. त्यांचं जरा…"

"लेकीला घेऊन जा हो इथून," काकू म्हणाल्या. "आमच्या डोळ्यांदेखत मरेल ती."

"हिला?" भाऊसाहेबांनी शाल्मलीकडे बोट केलं.

"ही कोण? ही नाही. आतली!"

आणि दारामागून आवाज आला. "काकू, कोण आलंय? जरा हळू बोला ना. ह्यांना आवडत नाही मी बोललेलं." मागोमाग टॅहँ.

भाऊसाहेबांनी पागोटं काढून काखेत घेतलं. पुढे हात वापरावे लागणार असले की ते तसं करत.

"यंत्र आहे ते," ओजस म्हणाला. "चोरांसाठी. शप्पथ. मी उघडतो, आत कुणी नाही, बघा." त्याने दार उघडलं. सगळे आत शिरले. आत खरोखर कुणी नव्हतं. काकूंनी बाथरूम पाहिलं, भाऊसाहेबांनी माळा, शाल्मलीने पलंगाखाली वाकून पाहिलं.

"बघितलं? मी म्हणालो ना, यंत्र आहे."

"मग बोलू दे की त्याला," भाऊसाहेब म्हणाले.

"आत माणूस असला की ते बोलत नाही. आपण सगळे बाहेर गेलो की बोलेल."

सगळे बाहेर गेले. दार लागलं. "गेले का हो सगळे?" मितालीने घाबऱ्या आवाजात विचारलं.

भाऊसाहेबांनी झटकन दार ढकललं. आत कुणी नाही. पुन्हा बाहेर. "मला फार भीती वाटते," मिताली म्हणाली. पुन्हा आत. पुन्हा कुणी नाही. असं बराच वेळ चाललं. ज्या गोष्टीने ती यंत्र असल्याचं सिद्ध व्हावं त्याच गोष्टीने ती जास्त जास्त जिवंत होत होती, आणि आत तिला लपवण्याची कुठली तरी भयंकर जागा आहे हे सगळ्यांना पटत चाललं होतं. तोवर दुसरा आणि चौथा मजलाही जिन्यात जमला होता.

शेवटी काकूंनी पदराने डोळे पुसले आणि दाराला गाल टेकवला. "मिताली, खरं सांग बाळा. हा म्हणतो तू यंत्र आहेस. आहेस का गं?"

यंत्र विचार करत होतं. समोर ओळखीची चोरटी होती, सोबत बरेच नवे चोर होते, आणि कुणी हलत नव्हतं.

"ते म्हणतात," मिताली म्हणाली, "तर असेन, काकू."

चौथ्या मजल्यावरची एक बाई हुंदका देऊन रडू लागली. कुणीतरी ओजसची कॉलर धरली. तो शाल्मलीकडे वळला. ती दाराकडे बघत होती.

"हिचं नाव ठेवणार होतास तू मला?" तिने विचारलं. "तांदळात?"

कुळथेकाका लग्नाचं जेवण अर्धवट टाकून आले, त्यामुळे ते मुळातच चिडलेले होते. ओजसने त्यांना सगळं खरं सांगितलं, भिंतीतली पट्टी दाखवली, स्पीकर दाखवले, कंपनीच्या माणसाला फोन लावून दिला. कुळथेकाकांना पटलं. पूर्ण इमारतीत त्यांना एकट्याला पूर्ण पटलं.

"म्हणजे फॅमिली नाही," ते म्हणाले.

"नाही."

"मग तू मला फसवलंस. घर खाली कर."

"आणि असती तर?"

"तर तू तिला छळतोस. तरीही खाली कर. तुला कुठलं कारण बरं वाटतं ते तू ठरव."

ओजस सामान बांधू लागला. पट्टीचं टोक नखाने उचकटायला लागला तसं काकांनी त्याचा हात धरला. "भिंतीला लावलेलं काढायचं नाही. चिकटवलेलं, ठोकलेलं, सगळं घराचं. सगळीकडे हाच नियम आहे. शिवाय घर आता रिकामं राहणार. मला गरज आहे त्याची."

कंपनीच्या माणसाने संध्याकाळी 'चाहूल' कुळथ्यांच्या नावावर करून दिली. रिकामं घर आहे म्हटल्यावर त्याने एक सूचना केली: एकट्या बाईमुळे चोर निर्ढावतात. नवराही सुरू करा. आवाज आहेच यंत्रात, घरात राहणाऱ्याचा ते आपोआप टिपून ठेवतं.

काकांनी नवरा सुरू केला.

शाल्मलीने फोन उचलायला बरेच दिवस लावले.

"मला माहितीये ते यंत्र असणार," ती म्हणाली. "दात बघून कळतं मला. तू त्या दिवशी खोटं बोलत नव्हतास. पण बाबांनी ती बाई कानांनी ऐकलीय. ते म्हणतात, पोरीला मारून कुठे पुरलीय ते आधी सांगू दे."

"मी काय करू?"

"ते खोकं, पट्टी, जे काय असेल ते आण. आमच्या पडवीत बाबांच्या समोर ठेव. त्यांच्या समोर बोलू दे तिला. मग मी बघते." ती थांबली. "लवकर आण ओजस. बाबा राहत्याच्या एका स्थळाशी बोलताहेत. आणि मला आता तुझ्यासाठी भांडायचा कंटाळा येतोय, हे पण सांगून ठेवते."

ओजसने कुळथेकाकांना विनवलं. काकांनी नुसतं कुलूप बदललं. कंपनीने नवं यंत्र द्यायची तयारी दाखवली, पण नव्या यंत्रात मिताली नसणार होती. ती त्या घरात, त्या जिन्यात, काकूंच्या केरसुणीवर वाढलेली होती. भाऊसाहेबांनी ऐकलेली बाई एकच होती आणि ती त्या दाराआड होती.

म्हणून ओजसने कामावर रजा टाकली, दुकानातून एक छोटी पहार आणली, आणि भर दुपारी, सगळी इमारत जेवून आडवी झाल्यावर, स्वतःचं घर फोडायला गेला.

खाली नवा वॉचमन होता; त्याने ओजसला कधी पाहिलेलं नव्हतं. ओजस मान खाली घालून जिना चढला. कुलपापाशी दाराच्या फटीत पहार घातली. लाकूड करकरलं.

"अहो," आतून मिताली म्हणाली, "दाराशी कुणीतरी आहे."

"तू बाळाजवळ थांब," आतून ओजस म्हणाला. "मी विचारतो."

बाहेरच्या ओजसच्या हातून पहार निसटता निसटता राहिली. आपला आवाज असा लागतो हे त्याला माहीत नव्हतं. शांत, भारदस्त. लग्न झालेल्या माणसाचा.

"कोण आहे?"

"मी आहे!" तो कुजबुजला. "गप्प बस!"

यंत्राने क्षणभर विचार केला. हा चोर जात नव्हता, उलट बोलत होता. "भाऊ," आतला ओजस म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, "काही अडचण असेल तर तसं सांगा. दार कशाला फोडता? घरात लहान मूल आहे." मग एकदम जिनाभर घुमेल अशा आवाजात तो ओरडला, "चोर! चोर!"

इमारत जागी झाली.

आधी दुसऱ्या मजल्याने मारलं, मग चौथा मजला येऊन पोचला, त्यांना पुरेसं उरलं नव्हतं म्हणून ते जास्त जोरात मारत होते. "अरे मी ओजस! मी ओजस रानवडे!" असं तो ओरडत होता. "ओजस तर आतून बोलतोय, हरामखोरा!" वॉचमन म्हणाला, आणि एक लाथ घातली. पोलीस चौकी जवळच होती. आलेल्या हवालदाराने आधी खात्री करायची म्हणून पोलिसांची श्वासाची डबी काढली आणि भिंतीला टेकवली. चोरांकडे असते तीच डबी, फक्त वर सरकारी शिक्का. तिने आत तीन जण दाखवले. दोन मोठे, एक लहान. तिघांचाही श्वास घाबरल्यासारखा जलद होता.

"घरात माणसं आहेत," हवालदार म्हणाला. "दिवसाढवळ्या! कमाल आहे तुझी."

ओजसला एका डोळ्याने दिसत नव्हतं. दुसऱ्या डोळ्याला हिंगेकाकू दिसल्या. त्यांनी त्याला लाडू खाऊ घातले होते, वर्षभर पाहिलं होतं. त्या ओळखत नाहीत असं शक्यच नव्हतं.

"काकू! सांगा ना यांना, मी कोण आहे."

सगळे थांबले. काकूंनी त्याच्याकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग बंद दाराकडे बघितलं. नवरा सुरू झाल्यापासून मिताली रडत नव्हती. काकू आता खुर्ची घेऊन बसत आणि आतून दोघंही त्यांच्याशी बोलत. ओजस तर 'काकू, तुमचे गुडघे कसे आहेत' असंही विचारायचा. काकूंच्या स्वतःच्या घरात हे गेली कित्येक वर्षं कुणी विचारलेलं नव्हतं.

"आमचा ओजस असा नाही हो," काकू हवालदाराला म्हणाल्या. "आमचा ओजस गुणी आहे."

"काकू!"

"मला काय विचारतोस? घेऊन जा त्याला. बाळ घाबरलंय आत."

हवालदाराने पद्धतीप्रमाणे घरमालकाला फोन लावला; ते त्या दिवशी परगावी होते. "तुमच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं?" कुळथेकाकांनी पलीकडे जरा विचार केला. घर रिकामं आहे हे फोनवर अनोळखी माणसाला सांगायचं नाही, हे कंपनीने त्यांना दोनदा बजावलं होतं. आणि पोलीस आहे असं म्हणणारा दर वेळी पोलीस असतोच असं नाही.

"फॅमिली राहते," काका म्हणाले. "रानवडे म्हणून. नवरा-बायको आणि मुलगी. फार चांगली माणसं आहेत."

दुसऱ्या दिवशी कोठडीत हवालदाराने पेपर आणून ओजसच्या पुढ्यात टाकला. आपल्या चौकीची बातमी छापून आली की त्याला सगळ्यांना दाखवायची हौस होती. बातमी आतल्या पानावर, पण चौकटीत होती.

*दांपत्याच्या प्रसंगावधानाने घरफोडी फसली. पाथर्डी फाटा परिसरातील एका इमारतीत भरदुपारी कडीकोयंडा उचकटून घरफोडीचा प्रयत्न करणाऱ्या चोरट्यास रहिवाशांनी चोप देऊन पोलिसांच्या हवाली केले. घरात असलेल्या ओजस व मिताली रानवडे या दांपत्याने न घाबरता आरडाओरडा केल्याने अनर्थ टळला. परिसरात दोघांचे कौतुक होत आहे. चोरटा आपले नाव सांगण्यास टाळाटाळ करीत असून तो मनोरुग्ण असल्याचा पोलिसांना संशय आहे.*

"माझं नाव मी सांगितलं होतं," ओजस सुजलेल्या तोंडाने म्हणाला.

"सांगितलंस, पण ते त्यांचं निघालं ना," हवालदार म्हणाला. "दुसरं असेल तर सांग, लिहून घेतो."

त्याने ओजसचा फोन जप्तीच्या पिशवीत घालायला घेतला, तेवढ्यात त्यावर मेसेज वाजला. हवालदाराने स्क्रीनकडे बघितलं आणि पेपर वाचला होता त्याच सुरात वाचून दाखवलं.

"शाल्मली थेटे म्हणून कोणीतरी आहे. म्हणतेय, बातमी वाचली. म्हणजे मिताली होतीच. देव दोघांना सुखी ठेवो."